शेषराव मास्तरांची फेरी

आमच्या शाळेत शूर माणसांची काही वाण नव्हती. ड्रिलचे मास्तर छाती काढून चालत, हेडमास्तर बोलता बोलता टेबलावर मूठ हाणत, आणि मी तर तोंडाची फटकळ म्हणून सगळ्या भानापेठेत बदनाम. असं असून बेचाळीसच्या चळवळीच्या जागा पोरांना हिंडून दाखवायचं काम होतं कोणाकडं? तर साऱ्या चांद्यात सगळ्यात भित्रा जो माणूस, त्याच्याकडं. शेषराव मास्तरांकडं. चंद्रपूर हे नाव मागाहून आलं; तेव्हा आम्ही चांदाच म्हणत असू, आणि माझ्या तोंडी अजून तेच येतं.

मास्तर इतिहास-भूगोल शिकवत. उंच, काटकुळे, मान जरा पुढं काढलेली, काळी टोपी कानांवर ओढलेली. चालायचे ते भिंतीच्या कडेनं. वर्गात बसायचे ते दाराकडं तोंड करून. खुर्ची कोणी फिरवून ठेवली असेल तर आधी खुर्ची सरळ, मग हजेरी. दारावर थाप पडली की हातातला खडू मोडायचा. मी शाळेत शिकवायला नवीन लागले तेव्हा मला हसू यायचं. एकदा मुद्दाम त्यांच्या मागं जाऊन मोठ्यानं "मास्तर!" म्हटलं, तर हा गृहस्थ असा पांढराफटक पडला की माझीच पाचावर धारण बसली. पुन्हा तो चावटपणा केला नाही.

स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं होऊन गेली होती. तरी कोतवालीवरून जायची वेळ आली की मास्तर रस्ता ओलांडून पलीकडच्या अंगाला जात आणि चालता चालता टोपी आणखी खाली ओढत.

"अहो मास्तर, आता आपलंच राज्य आहे ना!" मी म्हणायची.

"राज्य आपलं आहे वो बाई," ते आजूबाजूला पाहून हळूच म्हणत, "पण दंडा तं थोच आहे ना."

आणि वर त्यांचं ते ठरलेलं वाक्य: "भेव हा घरचा राखणदार आहे बाई. त्याले उपाशी नोका ठेवू."

एकदा शाळेमागच्या पडक्या परकोटात बिबट्या शिरल्याची आवई उठली. चांद्यात असली आवई खोटी समजायची सोय नव्हती. जंगल गावाच्या उशालाच. पोरं सैरावैरा पळायला लागली. मास्तरांनी त्यांना हाकलून एका वर्गात कोंबलं, मला आत ढकललं आणि दार ओढून घेतलं. खिडकीतून पाहते तो मास्तर बाहेरच उभे. हातात घंटा बडवायचा लोखंडी हातोडा, ओठ पांढरे, धोतराच्या आत पाय लटलट कापतायत.

"मास्तर, आत या ना! वेड लागलं का तुम्हाला?"

"कडी बाहीर आहे ना बाई! मी अंदर आलो तं लावंल कोन?"

झुडपं हलली. मास्तरांनी डोळे मिटून हातोडा वर उचलला. आणि झुडपातून निघालं शेजारच्या शिंप्याचं तांबडं वासरू. शाळा हसून लोळली. मीही हसले. पण घरी गेल्यावर आठवलं की ड्रिलचे मास्तर त्या वेळी आमच्याबरोबर आतच होते, टेबलाखाली, आणि मग हसू कमी झालं.

फेरीचं काम त्यांच्याकडं आलं, कारण आमच्या शाळेत चळवळीतला माणूस तेवढा एकच. तेही काय, अक्षर मोत्यासारखं म्हणून मोर्च्याचे फलक त्यांनी लिहिले होते. घोषणासुद्धा दिली नव्हती म्हणे. पण नाही म्हणायचीही भीती, म्हणून दर श्रावणात मास्तर फेरी काढत. शाळेतून निघायचं, पोरं दोघादोघांच्या रांगेत. मुलींच्या सोबतीला मी. पहिली जागा, छापखान्यामागची अंधारी खोली, जिथं पत्रकं निघत. दुसरी, एका म्हातारीचं घर, तिनं धानाच्या कोठीत पोरं लपवली होती. मग तो चौक, जिथं मोर्च्यावर लाठ्या चालल्या. तिथं पोचलं की मास्तरांचा आवाज इतका खाली जायचा की मागच्या पोरांना फक्त ओठ दिसायचे. आणि शेवटची जागा म्हणजे परकोटातली झरपट नदीकडची खिडकी. खिडकी म्हणजे भिंतीतलं छोटं दार, वाकून जावं लागे असं. त्यातून माणसं नदीकडं पळाली होती.

नावं मात्र मास्तर कोणाचीच घेत नसत. "इथी एक जण उभा होता. त्याले दुसऱ्या एकानं सांगतलं." बस्स. पोरं वैतागत. एकदा शाळा तपासायला आलेले साहेब म्हणाले, "अहो मास्तर, इतिहास शिकवता की उखाणे घालता? नावं सांगा, नावं!" मास्तर हात जोडून म्हणाले, "साहेब, नाव घेतलं की माणूस सापडते." साहेबांना काही कळलं नाही. मलाही नाही. पण त्यांच्या चेहऱ्याकडं पाहून माझ्या अंगावर काटा आला, एवढं आठवतं.

खिडकीतून बाहेर मास्तर कधी पडत नसत. आतूनच बोट करत. "इथून सारे नदीवर गेले. तिथी एक जण डोंगा घेऊन उभा होता. त्यानं साऱ्याईले पलीकडं नेलं. चला, रांगा लावा." पोरं मोजायची, पुन्हा मोजायची, आणि घाईनं परत. नदीची त्यांना विलक्षण भीती. चैत्रात महाकालीच्या जत्रेला मुलुखभरची माणसं झरपटीत बुड्या मारत, मास्तर मात्र घरातच तांब्यानं अंघोळ उरकत.

ज्यानं डोंगा चालवला त्याची बायको माझ्या दारावर मासळी घेऊन येई. सोनाबाई. पठाणपुरा दरवाज्याबाहेर ढिवरांची वस्ती होती, तिथली. कपाळाला ठसठशीत कुंकू, दोन्ही हात हिरव्या बांगड्यांनी भरलेले, आणि जीभ माझ्यापेक्षा तिखट. घासाघीस केली तर म्हणायची, "बाई, तुमी पोट्टे शिकवा, मच्छी मले शिकवू नोका." तिचं माझं त्यामुळंच जमलं.

तिचा नवरा लछमन त्या दिवशी गेला तो आलाच नाही. पूर आलेला, डोंगाही सापडला नाही. कोणी म्हणे पोलिसांच्या भीतीनं जंगलात उतरला. कोणी म्हणे अहेरीच्या बाजारात दिसला. कोणी सांगे, सिरोंच्याला आहे, आता तेलुगूच बोलतो. पुढं गोरे गेले. पळालेली माणसं एकेक करून परत आली, हारतुरे झाले. लछमन आला नाही. मग जो तो मनात समजून चुकला, पण तिच्यासमोर बोलायची कोणाची छाती होत नव्हती. ती त्याचं जाळं दर उन्हाळ्यात बाहेर काढी, उंदरांनी कुरतडलेलं विणून सारखं करी.

"मास्तरानं सांगतलं मले," ती म्हणायची. "थो तिथीच होता. पलीकडं गेला म्हणला. शिकलेला माणूस खोटं कायले बोलंल?"

एकदा मी नुसतं "अगं, इतकी वर्षं झाली..." एवढंच म्हटलं, तर तिनं मासळीच्या हातानंच माझं तोंड दाबलं. "बोलू नोका बाई! बोललं तं होते." आणि मी पाहिलं, ही कोणाच्या बापाला न भिणारी बाई थरथरत होती. तिचा सगळा संसार त्या एका वाक्यावर उभा होता, आणि त्याला कोणी धक्का लावील या धाकात ती रोज उठत होती, रोज निजत होती.

गल्लीत तिची आरोळी ऐकू आली की मास्तर घरात शिरून कडी लावत. मला वाटे, माळकरी असतील, वास सोसत नसेल.

मग एका वर्षी नवे हेडमास्तर आले. माणूस उत्साही, आणि उत्साही माणसासारखा घातकी दुसरा नाही. म्हणाले, "शेवटची जागा दुरून काय दाखवता? नदीवर न्या पोरांना. मी स्वतः येतो." मास्तर काकुळतीला आले. पाणी चढलंय, इरई नदीचा फुगवटा आहे, पोट्टे घसरतील. हेडमास्तर ऐकतात कशाला!

त्या खिडकीतून मी पहिल्यांदाच बाहेर गेले. आत वटवाघळांची घाण, भिंती ओल्या, खाली निसरडं. बाहेर पडलं तर समोर नदी. एरवी गुरं उतरतात ती झरपट, पण त्या दिवशी लाल-काळी, आवाज न करता नुसती सरकत होती. मधूनच एखादं झाड मुळासकट जाई. मी मुलींचे हात घट्ट धरले. मास्तर परकोटाला पाठ लावून उभे राहिले आणि कुजबुजल्यासारखं सांगायला लागले. एक जण डोंगा घेऊन होता. त्यानं सगळ्यांना पलीकडं सोडलं.

"गुरुजी, मंग थो डोंगेवाला वापस आला?" एका पोरानं विचारलं.

मास्तरांनी टोपी कानांवर आणखी ओढली.

"नाई," ते म्हणाले.

आमच्या वसतिगृहात जंगलाकडची पोरं होती, एटापल्ली-धानोऱ्याकडची. त्यांच्याकडं रीत अशी की वाघानं माणूस नेला किंवा पुरानं ओढला, तर त्या जागी येणाऱ्या-जाणाऱ्यानं एक धोंडा ठेवायचा. ठेवला नाही तर मेलेला माणूस वाटेत उभा राहतो. कोणी काही न सांगता त्या पोरांनी एकेक धोंडा उचलला आणि काठावर मांडला. त्यांचं पाहून गावातल्या पोरांनीही आणले. बघता बघता गुडघाभर ढीग झाला. हेडमास्तर तर हरखलेच. "वा! दरवर्षी प्रत्येकानं एक दगड ठेवायचा! पुढं इथं नाव कोरून शिळा लावू!"

"नाई, नाई, पोट्टेहो, नोका..." मास्तर म्हणत होते, पण त्यांचा आवाज कोणाला ऐकू जातो!

तेवढ्यात काठाकाठानं सोनाबाई आली. टोपलं डोक्यावर. ढीग दिसला तशी थांबली.

"हा धोंडा कोनाचा मांडला?"

एक पोरगी निष्पापपणे बोलून गेली, "डोंगेवाल्याचा."

टोपलं खाली पडलं. असा टाहो मी आयुष्यात ऐकला नाही. "जित्या माणसावर धोंडे काऊन टाकून राह्यले? काय बिघडवलं त्यानं तुमचं?"

हेडमास्तर पुढं झाले. "बाई, तुम्ही चुकताय, हा मान आहे, हुतात्म्याचा..."

"मान तुमच्या घरी ठेवा!" ती त्यांच्या अंगावरच गेली. मग तिला परकोटाशी उभे असलेले मास्तर दिसले. एकदम तिचा आवाज बसला. "मास्तर. तुमी होते. तुमीच सांगतलं मले. आता या साऱ्याईसमोर सांगा. मेला असंल तं याच धोंड्यावर हात आपटतो, आत्ता. जिता असंल तं उचला हे. एक बी राह्यला नाई पाह्यजे."

ती ढिगाशी बसली आणि बांगड्या भरलेले दोन्ही हात वर उचलून थांबली. खरं सांगते, मला त्या क्षणी मास्तरांच्या तोंडाकडं पाहवेना. नदीची भीती वाटत होती, तिच्या हातांची वाटत होती, आणि मास्तर आता काय बोलतात याची सगळ्यात जास्त.

मास्तर भिंत सोडून पुढं आले. पडतील की काय असे चालत आले. खाली बसले आणि एक धोंडा उचलला.

"पलीकडं गेला," ते म्हणाले. त्यांचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "म्या पाह्यलं. पलीकडं गेला थो."

धोंडा घेऊन ते पाण्याच्या कडेला गेले, घसरले, सावरले, आणि तो नदीत टाकला. मग दुसरा. मग तिसरा. पोरं मदतीला धावली तर त्यांनी हातानंच मागं सारलं. हेडमास्तर काही बोलणार होते, मी त्यांच्याकडं असं पाहिलं की ते घसा खाकरून गप्प बसले. शेवटचा धोंडा जाईपर्यंत सोनाबाई हलली नाही. मग सांडलेली मासळी गोळा करून ती आल्या वाटेनं निघून गेली.

परत येताना मी विचारलं, "मास्तर, खरंच पाहिलं होतं का तुम्ही?"

"पोट्टे मोजले का बाई तुमी?" ते म्हणाले. "पुन्हा एकदा मोजा."

पण रीत एकदा पडली की पडली. पोरांनी घरी सांगितलं, गोष्ट गावभर झाली, आणि त्या वाटेनं जाणारं कोणी ना कोणी तिथं धोंडा ठेवायला लागलं. वाईट मनानं नाही. उलट भीतीनंच ठेवत, मेलेला वाटेत उभा राहू नये म्हणून. आणि मग मास्तर रोज शाळेआधी नदीवर जायला लागले. मी चार-पाचदा पाहिलं. इकडंतिकडं बघत उतरायचे, दिसेल तो धोंडा उचलून पाण्यात टाकायचे आणि मागं न पाहता परत. पावसाळ्यातही. वर्गात यायचे ते धोतराचा काठ ओला घेऊन. सोनाबाई मागाहून त्या वाटेनं जाळ्याकडं जाई, तेव्हा काठ मोकळा असे. हे असं किती वर्षं चाललं असेल! मी कोणाला बोलले नाही. बोललं तर होतं, हे मलाही आता पटलं होतं.

मग मास्तरांची बदली झाली, सिंदेवाहीला. मी मोटारस्टँडवर पोचवायला गेले. एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी. बायको-पोरं आधीच गेली होती. मोटारीच्या टपावर सामान चढत होतं आणि मास्तर नेहमीप्रमाणं भिंतीला टेकून उभे होते. तेवढ्यात गर्दीतून सोनाबाई येताना दिसली. डोक्यावर टोपलं नाही, हात रिकामे. मास्तर आत शिरायला दार शोधायला लागले. पण मोटारस्टँडवर कुठलं दार!

"मास्तर, तुमी चालले," ती म्हणाली.

"हव."

"तुमी गेल्यावर मी कोनाले विचारू? आता सांगा." ती जवळ आली. "मले मालूम आहे तुमी रोज धोंडे उचलत होते. जिता माणूस असता तं एखादा दिवस इसरले असते. भेव मलेबी लय वाटून राह्यलं. पण सांगा."

मास्तरांनी इकडंतिकडं पाहिलं. मोटारीत माणसं होती, हमाल होते, पलीकडं एक शिपाई विडी ओढत उभा होता. मी मनात म्हटलं, आता हे पळणार. देवा, मलाच पळून जावंसं वाटत होतं.

"बुडाला," मास्तर म्हणाले. "लछमन बुडाला."

त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं नाव.

"साऱ्याईले त्यानं पलीकडं सोडलं. मी एकटा राह्यलो. मले पाण्याचं भेव, मी डोंग्यात चढलोच नाई. थो माह्यासाठी वापस येऊन राह्यला होता. मधातच खोड आलं वाहत. डोंगा उलटला."

सोनाबाई आणखी एक पाऊल पुढं आली.

"हाक मारली का त्यानं?"

"हव."

"काय म्हणला?"

मास्तर ट्रंकेवर हात टेकून वाकले. "म्हणला, मास्तर, पाण्यात नोका उतरू. तुमाले पोहता येत नाई." आणि मग एकदम भडाभडा, "मागं पोलिस होते. मले वरडताबी नाई आलं. मी तिथीच उभा राह्यलो बाई. थो दिसेनासा झाला तरी उभाच राह्यलो. तुमच्या दारात आलो तं तुमी कुंकू लावत होत्या. मले सांगवलं नाई. मले भेव वाटलं."

मला वाटलं, ही आता त्यांच्या तोंडात मारील. मारावंही. अठरा-वीस वर्षांचा हिशेब होता तो. सोनाबाईनं पदर तोंडाशी नेला, पुन्हा खाली घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज शांत होता.

"मंग त्याचंच ऐकलं ना तुमी," ती म्हणाली.

मास्तर ट्रंकेवर बसले आणि रडायला लागले. चारचौघांत, तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखे. माणसं खिडक्यांतून वाकून पाहायला लागली. कंडक्टरनं घंटी मारली आणि ओरडला, "अवो मास्तर, चढून राह्यले का नाई? मोटार निघून राह्यली!"

सोनाबाई वळली. "थांब गा जरासक," ती त्याला म्हणाली. "माणूस रडून राह्यला, दिसत नाई का तुले?"

आणि मोटार थांबली.